‘रोमान्से’ : उसन्या गाण्यांचे यश

दुसऱ्यांची गाणी गाऊन मोठा झालेल्या गायकास कलावंत मानावे की आयत्या वारशाचा धनी? मेक्सिकोच्या लुइस मिगेल याचा ‘रोमान्से’ हा गीतसंग्रह ऐकताना हा प्रश्न टाळता येत नाही. नोव्हेंबर १९९१मध्ये तो प्रसिद्ध झाला तेव्हा गायकाचे वय होते अवघे २१. बालगायक म्हणून १९८२पासून तो लोकांच्या परिचयाचा होता आणि पॉप गाण्यांमुळे तरुणांचा लाडकाही. अशा गायकाने १२ बोलेरो, आणि तेही बहुतेक आईबापांच्या पिढीचे, गायला घ्यावेत हे धाडसच होते. संग्रहाच्या ७० लाखांहून अधिक प्रती खपल्याचे सांगितले जाते. परंतु खपावरून गुण ठरत नाही, तसा दोषही ठरत नाही.

बोलेरोचा जन्म एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पूर्व क्यूबातील सान्तियागो येथे झाला. याच नावाचे स्पॅनिश नृत्य तीन मात्रांचे, तर क्यूबातील हे गीत दोन मात्रांचे. पेपे सांचेस यांचे ‘त्रिस्तेसास’ हे पहिले बोलेरो मानतात. युकातानमार्गे ते मेक्सिकोत पोहोचले, तेथे रेडिओने त्यास घराघरांत नेले आणि आगुस्तीन लारा यांनी त्यास शहरी डौल दिला. १९४४ साली न्यूयॉर्कमध्ये स्थापन झालेल्या ‘लोस पांचोस’ या त्रयीने तीन कंठ, गिटारी आणि रेकिन्तो नावाची उंच स्वरांची छोटी गिटार यांतून त्याचे एक रूप घडवले. रूपे बदलली, तरी गाभा एकच राहिला : एका माणसाने दुसऱ्याशी हलक्या आवाजात बोलणे.

हे बोलणे कोणत्या सर्वनामाने होते, याकडे मराठी वाचकाने अवश्य लक्ष द्यावे. स्पॅनिशमध्ये आपल्यासारखेच ‘तू’ आणि आदरार्थी ‘उस्तेद’ असे दोन पर्याय आहेत. संग्रहातील ‘उस्तेद’ या गाण्यात प्रियकर आपल्या साऱ्या यातनांचा दोष जिच्यावर ठेवतो, तिला तो ‘तुम्ही’ म्हणतो. तक्रार जिव्हाळ्याची, संबोधन मात्र अंतर राखणारे; गाण्याची सारी धार या विसंगतीत आहे. आर्मान्दो मान्सानेरो यांच्या ‘नो से तू’मध्ये मात्र उघड ‘तू’ आहे आणि तेथे अंतर राखण्याचे त्राणच उरलेले नाही. लुइस मिगेल हे दोन्ही सूर ओळखतो. पहिल्यात तो शब्दांना ताठ ठेवतो, दुसऱ्यात सैल सोडतो. एकविशीतल्या गायकाची ही समज आम्हांस त्याच्या गळ्याच्या ताकदीहून मोलाची वाटते.

आक्षेप आहेत, आणि ते खरे आहेत. बेबू सिल्वेत्ती यांच्या वाद्यरचनेत व्हायोलिनांची दाट साय सर्व गाण्यांवर सारखीच पसरते. सेसार पोर्तिय्यो दे ला लूस यांचे हवानातील ‘कोन्तिगो एन ला दिस्तान्सिया’, रोबेर्तो कान्तोराल यांचे मेक्सिकन ‘ला बार्का’ आणि चिको नोवार्रो यांचे अर्जेंटिनातील ‘कोमो’ एकाच दिवाणखान्यात बसवल्यासारखी वाटतात. गिटारीचा एकांत हरवतो. शिवाय अनेक श्रोत्यांच्या लेखी ही ‘लुइस मिगेलची गाणी’ होऊन बसतात आणि एमा एलेना वाल्देलामार यांच्यासारख्या गीतकर्तीचे नाव मागे पडते. ‘मुचो कोरासोन’ हे गाणे त्यांचे आहे, हे किती जण सांगतील?

तरीही या कारणांनी संग्रहास नाकारणे आम्हांस मान्य नाही. मारिया ग्रेवेर यांचे १९३४ सालचे गाणे पाहा. मूळ स्पॅनिशमध्ये ते प्रिय व्यक्तीजवळ परतण्याच्या ओढीचे आहे. इंग्रजीत ते ‘व्हॉट अ डिफरन्स अ डे मेड’ झाले, एका दिवसात पालटलेल्या नशिबाचा आनंद सांगू लागले आणि १९५९मध्ये डायना वॉशिंग्टन यांच्या आवाजात जगभर गेले. तेथे आशयच बदलला होता. लुइस मिगेलने तेच गाणे त्याच्या मूळ भाषेत, मूळ ओढीसह पुन्हा तरुणांच्या कानी घातले. वर साय आहे हे खरे. पण खाली दूध तेच आहे. शिवाय ध्वनिमुद्रणात मान्सानेरोंसारखा जुन्या पिढीचा रचनाकार त्याच्या पाठीशी होता. म्हणजे हा वारसा परस्पर उचललेला नव्हता, हाती सोपवलेला होता.

२०२३ साली युनेस्कोने क्यूबा आणि मेक्सिको यांच्या बोलेरोस मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. असा सन्मान योग्यच. परंतु यादीत नोंद झाल्याने गाणे कोणाच्या ओठी येत नाही. ते काम एखाद्या तरुण गळ्यालाच करावे लागते, आणि तो गळा आपल्या काळाची वाद्ये, आपल्या काळाची हौस घेऊनच येणार. त्याने जे झाकले ते उघडणे आता श्रोत्याकडे आहे. ‘रोमान्से’ ऐकून झाल्यावर लोस पांचोसांची एखादी जुनी ध्वनिमुद्रिका लावावी. दोन्ही ऐकणाऱ्यास कोणते गाणे उसने आणि कोणते स्वतःचे, हा वाद फारसा महत्त्वाचा वाटणार नाही.