नक्कल कोणाला म्हणता?

गाण्याच्या बैठकीत पुढच्या रांगेला काही जाणती मंडळी बसलेली असतात. ती गात नाहीत, वाजवीत नाहीत, नुसती ओळखतात. एखाद्या पोराने जीव ओतून तान घेतली, की त्यांतले एक गृहस्थ शेजाऱ्याच्या कानाशी लागतात, "ही वसंतरावांची हो! नुसती नक्कल!" झाले! पोराच्या पाच वर्षांच्या मेहनतीवर पाणी पडते आणि गृहस्थांचे जाणतेपण सिद्ध होते. या जाणत्यांशी मला आज चार शब्द भांडायचे आहेत. सणासुदीला तोंड गोड असावे हे खरे. पण तिखट शेवही फराळातलीच असते.

ज्या वसंतराव देशपांड्यांचे नाव घेऊन तुम्ही पोराला हिणवता, त्यांनी तरी काय केले? त्यांच्या मनातल्या देव्हाऱ्यात जन्मभर मास्टर दीनानाथ बसलेले होते. दीनानाथ १९४२ साली गेले. पण १९८३ साली वसंतरावांनी डोळे मिटीपर्यंत त्यांच्या गळ्यातून ते हलले नाहीत. नागपूरला शंकरराव सप्रे, लाहोरला असद अली खाँ, पुढे सुरेशबाबू माने आणि अमान अली खाँ, असे गुरू त्यांनी केले. पोटासाठी पुण्यात लष्करी हिशेबाच्या कचेरीत कारकुनी केली. कर्मठ विचारीत राहिले, यांचे घराणे कोणते? मग १९६७ साली 'कट्यार काळजात घुसली'तले खाँसाहेब रंगभूमीवर उभे राहिले. त्या गाण्यात दीनानाथांचा आवेश जागोजाग सापडतो. पण ते गाणे उसने आहे, असे म्हणण्याची कोणाची छाती आहे?

भीमसेन जोशींचे तसेच. अब्दुल करीम खाँची तबकडी कानावर पडली आणि १९३३ साली, अकरा वर्षांच्या वयात, या मुलाने गदगचे घर सोडले. ग्वाल्हेरपर्यंत वणवण केली. अखेर तो स्थिरावला कुंदगोळला, सवाई गंधर्वांपाशी. आणि सवाई गंधर्व हे अब्दुल करीमांचेच शिष्य. क्रम लक्षात घ्या. दैवत आधी कानाने ठरवले. गुरू मागाहून पायांनी शोधला.

नकल्या आणि भक्त यांतला फरक मोठा आहे. नकल्या हरकत उचलतो आणि टाळी घेतो. भक्ताला ती हरकत झोपू देत नाही. ती इथेच का आली, त्या आधीच्या सुराला किती थांबली, हे शोधण्यात त्याची वर्षे जातात. आणि शोधता शोधता त्याला स्वतःचा गळा सापडतो.

मी बीड जिल्ह्यात मास्तरकी करतो. आमच्या अंबाजोगाई तालुक्यात आपेगाव आहे. पैठणजवळचे, ज्ञानदेवांचे आपेगाव ते निराळे. आमच्या आपेगावच्या शंकरबापूंनी पखवाजाचे नाव केले आणि १९८६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आमच्याकडे आजही सप्ताहात पखवाजी डाव्या तोंडाला कणीक लावू लागला, की पोरे त्याच्या पाठीशी सरकतात. कीर्तन रंगले की तेच बोल आपापल्या मांडीवर वाजवतात. ही नक्कल म्हणून त्यांना उठवून लावायचे काय?

दिवाळीच्या सुमारास याच जिल्ह्यातली हजारो कुटुंबे ऊसतोडीला बाहेर पडतात. बरोबर पोरेही जातात. फडाकडेच्या कोपीत कोणता उस्ताद त्यांना गंडा बांधायला येणार? तिथे पोरापाशी असतो बापाचा मोबाईल आणि त्यातला एक आवडता आवाज. जाणत्यांनो, तुमच्या एका शब्दाने तो आवाज तोंडातून गेला, तर त्या पोराने गाणे शिकायचे कोणाकडे?

कोणी म्हणेल, गुरूवाचून केलेल्या अनुकरणाने गळा बिघडतो. बिघडतो, कबूल आहे. कोवळ्या गळ्याने थोरांचा खर्ज ओढू नये. पण मग पोराला शिक्षक द्या. टोमणा कशाला देता? माझ्या पाहण्यातल्या एका शाळेत आठवड्याला संगीताचा एक तास होता. दहावीचा निकाल घसरला आणि तो तास गणिताला गेला. पुढे निकाल सुधारला, तरी तास परत आला नाही. तेव्हा 'नक्कल, नक्कल' म्हणणाऱ्यांपैकी एकही जण शाळेची पायरी चढला नाही.

आजच्या मुलाच्या मुठीत हजार गवई आहेत. एकाचे दोन क्षण ऐकले की त्याचे बोट दुसऱ्याकडे सरकते. असल्या काळात एखादे पोर एकाच गायकाचे एकच पद महिनाभर घोकत असेल, तर घरातल्यांनी धन्य मानावे. फराळाला बसाल तेव्हा त्याला गायला सांगा. कोणासारखे गातोस, हे विचारू नका. त्या गाण्यात तुला काय आवडले, ते विचारा. मग तो जे सांगेल ते शेवटपर्यंत ऐका, आणि सुट्टी संपली की शाळेत जाऊन संगीताचा तास मागा.