कापलेला कर हक्काने परत मागा

नागपुरात तासिका तत्त्वावर शिकवणारे प्राध्यापक असोत, खासगी रुग्णालयांतले कंत्राटी कर्मचारी असोत की एजन्सीमार्फत राबणारे डाटा एंट्री ऑपरेटर, त्यांच्या तोंडी एक वाक्य हमखास असते: ‘टीडीएस कापला, म्हणजे ते पैसे गेले.’ हे साफ चूक आहे. या समजुतीपायी पै-पैचा हिशेब ठेवणारी माणसेच स्वतःच्या कमाईवर पाणी सोडतात. म्हणून तिच्या पाठराखणीसाठी जे युक्तिवाद होतात, ते एकेक करून तपासू.

पहिला युक्तिवाद: ‘आपले उत्पन्न करपात्रच नाही, मग रिटर्न कशाला भरायचे?’ करपात्र नाही, म्हणूनच भरायचे. समजा, एका तासिका प्राध्यापकाला 2025-26 या वर्षात 2,40,000 रुपये मानधन मिळाले. संस्थेने ते पगार मानले असते, तर वर्षाच्या उत्पन्नाचा अंदाज घेऊन कपात शून्य ठेवावी लागली असती. पण तेच पैसे ‘व्यावसायिक शुल्क’ म्हणून दाखवले की सरसकट 10 टक्के कापले जातात. म्हणजे 24,000 रुपये गेले. नव्या करप्रणालीत त्या वर्षी 4 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर नाही, आणि सवलतीमुळे साधारण 12 लाखांपर्यंतही तो शून्यावर येतो. तेव्हा या प्राध्यापकाचे देणे शून्य आणि भरणा 24,000. ही रक्कम सरकारची झालेलीच नाही. ती फक्त सरकारकडे पडून आहे आणि रिटर्न हा ती सोडवून घेण्याचा अर्ज आहे.

दुसरा युक्तिवाद: ‘रक्कम किरकोळ, सीएची फी त्यातच जाईल.’ वरच्या उदाहरणातली रक्कम एका महिन्याच्या सरासरी मानधनाहून जास्त आहे. छोट्या ठेकेदाराच्या बिलातून 1 टक्काच कापला जातो हे खरे, पण वर्षाअखेर त्यातून घरातला किराणा भरता येतो. शिवाय आयकर विभागाच्या पोर्टलवर रिटर्न भरायला पैसे लागत नाहीत. मुदत हुकली तरी 31 डिसेंबरपर्यंत उशिराचे रिटर्न भरता येते आणि उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या आत असेल, तर विलंब शुल्कही नाही.

तिसरा युक्तिवाद भीतीचा आहे: ‘रिफंड मागितला की नोटीस येते.’ खोटी घरभाडे पावती, न दिलेली देणगी, नसलेला विमा दाखवून रिफंड काढून देणारे दलाल आहेत आणि त्यांच्यामागे विभाग लागला आहे, ते योग्यच आहे. पण ज्याचे उत्पन्नच मर्यादेच्या आत आहे, त्याला एकही वजावट दाखवावी लागत नाही. कमावले तेवढे लिहायचे आणि कापले गेले तेवढे मागायचे. लबाडीला वावच नसलेल्या या मागणीला घाबरायचे कशाला? दलालाला मात्र दारात उभे करू नका.

चौथा युक्तिवाद सगळ्यांत वजनदार आहे: ‘उगमापाशी कपात नसेल तर करबुडवे मोकाट सुटतील, आणि परताव्याची सोय तर आहेच. मग अन्याय कुठला?’ पूर्वार्ध मला मान्य आहे. उत्तरार्ध मान्य नाही, कारण ही सोय फक्त माहीतगाराच्या उपयोगाची आहे. कायद्याच्या अधिकाराशिवाय कोणताही कर लावता किंवा वसूल करता येणार नाही, असे संविधानाचा अनुच्छेद 265 सांगतो. ज्यावर कर लागतच नाही, त्या कमाईतला पैसा केवळ अज्ञानामुळे तिजोरीत राहणे या तत्त्वात बसत नाही. करदात्याच्या अज्ञानाचा फायदा अधिकाऱ्यांनी घेऊ नये, उलट त्याला मिळू शकणारा परतावा त्याच्या नजरेस आणून द्यावा, असे परिपत्रक महसूल मंडळानेच 11 एप्रिल 1955 रोजी काढले होते. देशभरचे आयकर अधिकारी घडवणारी राष्ट्रीय प्रत्यक्ष कर अकादमी याच नागपुरात, छिंदवाडा रोडवर आहे. त्या परिपत्रकाचा अंमल याच शहरातून सुरू झाला, तर ते तिला शोभेल.

आणि हे अवघड नाही. कोणाच्या पॅनवर किती रक्कम जमा झाली आणि किती कर कापला गेला, हे विभागाच्या संगणकात आधीच नोंदलेले असते. मर्यादेच्या आतल्या माणसाला ‘तुमचे इतके पैसे आमच्याकडे आहेत’ असा संदेश आणि भरून ठेवलेला अर्ज पाठवणे विभागाला सहज शक्य आहे. आग्रह धरला तर नियम बदलतात, हेही आपण पाहिले आहे. 2025 च्या आयकर विधेयकात मुदतीनंतर रिटर्न भरणाऱ्याचा परताव्याचा हक्कच काढून घेणारी तरतूद होती. टीका झाली, संसदेच्या निवड समितीने ती वगळायला सांगितली आणि सरकारने ती मागे घेतली.

तोवर आपल्या हातातले आपण करावे. पोर्टलवर लॉग-इन करून फॉर्म 26 एएस उघडा. त्यात कापणाऱ्या संस्थेचे नाव, तिचा टॅन, दिलेली रक्कम आणि जमा झालेला कर ओळीने दिसतो. तुमच्या मानधनातून कपात झाली आणि तिथे ओळच नसेल, तर संस्थेच्या लेखा विभागात लेखी अर्ज द्या. टीडीएसचे प्रमाणपत्र देणे हे त्यांचे कायदेशीर कर्तव्य आहे, मेहेरबानी नव्हे. पॅन आधारशी जोडलेले आणि बँक खाते पोर्टलवर पडताळलेले असू द्या. रिटर्न भरल्यावर 30 दिवसांत त्याची ई-पडताळणी करायला विसरू नका, नाहीतर सगळी मेहनत वाया जाते. पुढच्या वर्षी कपातच नको असेल, तर शून्य किंवा कमी दराच्या कपातीच्या प्रमाणपत्रासाठी अर्ज करण्याची सोय कायद्यात आहे.

ज्यांना हे जमते, त्यांनी आपल्या स्टाफरूममधल्या, वॉर्डातल्या एका तरी सहकाऱ्याचे रिटर्न शेजारी बसून भरून द्यावे. कर देणे हे कर्तव्य आहे, तसे जादा गेलेला कर परत मागणे हा हक्क आहे. तो सोडू नका.