स्वयंपाकघराची खतावणी

व्यापारी घरात दुकानाचा गल्ला रोज रात्री मोजला जातो. उधारीच्या वहीत एखादे नाव लिहावयाचे राहिले तर मालकाला चैन पडत नाही. मात्र त्याच दुकानातून घरी गेलेल्या साखरेची, तुरडाळीची व तेलाच्या डब्याची नोंद बहुधा कोठेच नसते. ‘माल आपलाच आहे, लिहायचा कशाला?’ ही समजूत अनेक घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. किराण्यातील बचतीचा विचार येथूनच सुरू व्हावयास हवा, कारण जो खर्च लिहिला जात नाही तो कमीही करता येत नाही.

मुंबईपासून सुमारे ८६ किलोमीटरवरील आसनगाव हे शहापूरचे रेल्वेस्थानक. एकीकडे भातशेतीची गावे, दुसरीकडे पहाटेची लोकल गाठणारा नोकरदार वर्ग. अशा गावातील एकाच दुकानावर एकत्र कुटुंबाच्या दोन-तीन चुली चालणे नवे नाही. थोरल्याच्या घरी माणसे सहा, धाकट्याच्या घरी तीन. एका घरी पाहुण्यांची वर्दळ, दुसऱ्या घरी वर्षीतपाचे पारणे. कोणी किती माल नेला हे कागदावर नसले, तरी मनात मात्र साठत जाते. पुढे वाटणीची वेळ आली की भाऊ भावाशी भांडवलावरून भांडत नाही, ‘तुमच्या घरी किती गेले’ यावरून भांडतो. जावाजावांत अबोला धरला जातो तोही पुष्कळदा याच कारणाने.

उपाय सोपा आहे. घरी नेलेला माल खरेदीच्या भावाने ‘उचल’ म्हणून त्या त्या घराच्या नावे टाकावा. यात अविश्वास नाही. उलट प्रत्येकाची बाजू स्वच्छ राहते. शिवाय कायद्याचीही बाब आहे. नियमित पद्धतीने जीएसटी भरणाऱ्या व्यापाऱ्यास स्वतःच्या घरी वापरलेल्या मालावरील कराची वजावट घेता येत नाही. तेव्हा उचल लिहिणे हे घराच्या आणि दुकानाच्या, दोहोंच्या हिताचे आहे.

नोंद सुरू झाली की दुसरी गोष्ट दिसू लागते. गृहिणी तांदळाच्या भावात किलोमागे दोन रुपयांची घासाघीस करते, पण गळती तांदळात नसते. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०२२-२३ च्या घरगुती खर्चाच्या पाहणीनुसार शहरी भागात एकूण खर्चापैकी तृणधान्यांवर चार टक्क्यांहूनही कमी, तर पेये व तयार खाद्यपदार्थांवर दहा टक्क्यांहून अधिक रक्कम खर्च होते. ग्रामीण भागातही तयार पदार्थांचा वाटा धान्याहून मोठा झाला आहे.

आसनगावच्या नोकरदारास याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. मुंबईचा प्रवास एका बाजूने सुमारे दोन तासांचा. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. चौविहार पाळणारा त्या वेळी कामावर किंवा गाडीत असतो. मग फलाटावर फरसाणाचे पाकीट व थंड पेय घेतले जाते. रोजचे ६० रुपये धरले तर २४ दिवसांचे १,४४० रुपये होतात. महिन्याला दहा किलो तांदूळ ६० रुपये दराने घेणाऱ्या घराचा तांदळाचा खर्च ६०० रुपयेच आहे. दशमी, खाखरा किंवा भाजलेले चणे असा दुसरा लहान डबा सोबत दिला, तर या रकमेचा मोठा भाग वाचतो व नियमही सांभाळला जातो.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. ‘घरी केलेले स्वस्त पडते’ असे म्हणताना गृहिणीच्या श्रमांची किंमत शून्य धरली जाते. पहाटे चारला उठून एक डबा करणाऱ्या सुनेवर दुसऱ्या डब्याचा भार टाकणे म्हणजे काटकसर नव्हे. चणे भाजून ठेवणे, डबा भरणे, घासणे ही कामे घरातील पुरुषांनाही सहज जमणारी आहेत.

घाऊक खरेदीतही असेच तारतम्य हवे. १८ जुलै २०२२ पासून तांदूळ, गहू, डाळी, पीठ यांच्या २५ किलोपर्यंतच्या लेबल लावलेल्या पाकिटांवर पाच टक्के जीएसटी लागू झाला. सुटा माल व २५ किलोहून मोठी गोणी यांना त्यातून वगळण्यात आले. समजा, ३० किलोची गोणी १,८०० रुपयांना घेतली, तर लहान पाकिटांच्या तुलनेत कराचे ९० रुपये वाचले. पण सह्याद्रीच्या पायथ्याच्या पावसाळी दमटपणात त्यातील दोनच किलो तांदळाला कीड लागली, तरी १२० रुपये गेले. आणि जीवहिंसा झाली ती वेगळीच. म्हणून वर्षाची भरणी उन्हाळ्यात कडक वाळवून, घट्ट झाकणाच्या कोठीत, घराच्या खऱ्या गरजेइतकीच करावी. पीठ मात्र थोडे थोडे दळावे. पिठाची मर्यादा पावसाळ्यात सर्वांत अल्प असते. जुन्यांच्या या नियमात आरोग्य, अहिंसा व बचत ही तिन्ही सामावलेली आहेत.

भाववाढीचा फटकाही प्रत्येक स्वयंपाकघरास सारखा बसत नाही. डिसेंबर २०१९ मध्ये मुंबईत कांदा किलोमागे शंभर रुपयांवर गेला, तेव्हा कंदमूळ वर्ज्य असलेल्या घरांना त्याची झळ लागली नाही. जुलै २०२३ मध्ये टोमॅटो शंभरी ओलांडून गेला, तेव्हा मात्र याच घरांची अडचण झाली. कारण कांद्याविना रस्सा दाट करण्याचा भार टोमॅटोवरच असतो. कोकणचे आमसूल, चिंच, आमचूर आंबटपणासाठी आणि दाटपणासाठी दाण्याचे कूट किंवा सुके खोबरे घरात असले, तर अशा महिन्यात टोमॅटोवाचून अडत नाही. चातुर्मासात पालेभाजी वर्ज्य असते, त्या काळासाठी वाल, मूग, चवळी यांचा साठा वैशाखातच करून ठेवणे हिताचे.

दिवाळीला वहीपूजन होते, तेव्हा नव्या वहीत एक पान घरखर्चासाठी राखावे. त्यावर चार रकाने पुरेत: दुकानातून उचल, बाहेरून आणलेला किराणा, तयार पदार्थ, आणि वाया गेलेले अन्न. तीन महिन्यांनी घरातील सर्वांनी, सुनांसह, ते पान एकत्र बसून वाचावे. चौथ्या रकान्यात काहीच लिहिलेले नसेल, तर तो भरावयाचा राहिला आहे असे समजून पुढील महिन्यापासून लिहू लागावे.