जुना संगणक भंगारात घालण्यापूर्वी

सोलापुरात मागावर चादर विणणाऱ्या माणसाने संगणकाला बिचकावे, हे आम्हाला पटत नाही. संगणकाचे एक मूळ मागातच आहे. फ्रान्समधील जोसेफ जॅकार्ड याने १८०४ साली भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांवर चालणारा माग पुढे आणला. पुठ्ठ्यात भोक आहे की नाही, यावर कोणता धागा उचलायचा ते ठरते. हीच कल्पना पुढे इंग्लंडच्या चार्ल्स बॅबेज याने आपल्या गणनयंत्रासाठी घेतली. आपल्या चादरीवर नक्षी उठवणाऱ्या जॅकार्डचा संगणक हा असा दूरचा नातलग आहे. माग अडला तर जॉबर तो मोडीत काढत नाही, उघडून पाहतो. मग बंद पडलेला संगणक लगेच भंगारवाल्याच्या गाडीवर का जावा?

मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला. विंडोज ११ अनेक जुन्या यंत्रांवर चालत नाही. परंतु यंत्र ठणठणीत असेल तर त्यावर लिनक्स ही मोफत प्रणाली घालता येते आणि मुलांचा अभ्यास, टंकलेखन, अर्ज भरणे ही कामे होतात. विड्या वळून किंवा पाळी भरून जमवलेल्या पैशात घेतलेला जुना संगणक एका लहान भागापायी टाकून देणे आपल्याला परवडणारे नाही.

सोलापूरचा उन्हाळा ४० अंशांच्या वर जातो. त्यात घराजवळ कारखाना असेल तर कापसाची तूस पंख्यात अडकते आणि आतली उष्णता बाहेर पडत नाही. म्हणून आधी बिनखर्चाचे उपाय करावेत. वायर काढून ठेवावी, मऊ ब्रशने धूळ झाडावी, रॅमची पट्टी काढून तिच्या पिवळ्या कडा खोडरबराने हलके पुसाव्यात. तारीख-वेळ वारंवार चुकत असेल तर ३ व्होल्टचा गोल सेल बदलावा. पुष्कळ यंत्रे एवढ्यावरच चालू होतात.

तरीही चालले नाही, तर मदरबोर्डवरची पिंपासारखी उभी कपॅसिटर पाहावीत. त्यांचा माथा सपाट असला पाहिजे. तो फुगला असेल किंवा त्यावर तपकिरी डाग असेल तर ते गेले असे समजावे. आतला द्रव उष्णतेने सुकतो. तापमान १० अंशांनी वाढले की आयुष्य साधारण निम्मे होते. २००० नंतरच्या काही वर्षांत सदोष कपॅसिटरांमुळे जगभर यंत्रे बंद पडली. त्यांच्या दुरुस्तीसाठी डेल कंपनीने २००५ साली ३० कोटी डॉलर बाजूला काढले होते. त्यानंतरच्या बोर्डांवर बहुधा घट्ट प्रकारचे कपॅसिटर असते. ते सहसा फुगत नाही, तिथे दोष दुसरीकडे शोधावा.

नवे कपॅसिटर तितक्याच मायक्रोफॅरडचे, तितक्याच किंवा जास्त व्होल्टचे आणि १०५ अंशांचे घ्यावे. त्याला काही रुपयेच पडतात. जुने काढण्याआधी फोटो काढावा. कपॅसिटरच्या अंगावरची पट्टी ऋण बाजू दाखवते, पण बोर्डवरची खूण सर्व कंपन्यांची सारखी नसते. उलटे बसले तर ते फुटते.

आता डाख देण्याचे काम, म्हणजे सोल्डरिंग. कल्हईवाले नवसागर वापरत, तो इथे चालत नाही. त्याने तांबे खाल्ले जाते. इथे राळेचा फ्लक्स लागतो. जुन्या डाखावर थोडा नवा डाख घालावा, म्हणजे तो लवकर वितळतो. मग एकेक पाय तापवून कपॅसिटर हलकेच सोडवावे, ओढू नये. ओढल्यास बोर्डचा पत्रा उचकटतो. पहिला हात नेहमी भंगारातल्या बोर्डावर बसवावा.

माता-भगिनींनी एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. नेहमीच्या डाखात शिसे असते आणि ते लहान मुलांना व गरोदर स्त्रियांना फार घातक आहे. एका खोलीच्या घरात चुलीजवळ, भाकरीच्या परातीशेजारी हे काम मुळीच करू नये. दारे-खिडक्या उघड्या ठेवाव्यात, दमेकऱ्याला धुरापासून दूर ठेवावे आणि काम झाल्यावर साबणाने हात धुवावेत. वीज पुरवणारी लोखंडी पेटी, जिला एसएमपीएस म्हणतात, ती घरी उघडू नये. वायर काढल्यावरही तिच्यात ३०० व्होल्टच्या वर वीज साठून राहू शकते. ती पेटी बदलावी किंवा जाणत्याकडे न्यावी. कुठे थांबायचे हे कळणे हाही कारागिरीचाच भाग आहे.

वाचकहो, यात वाचलेल्या पैशापेक्षा शिकलेला हात मोठा. आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक हा २ वर्षांचा अभ्यासक्रम आहे. त्याचा अर्ज भरण्याआधी आपल्या मुलाला या कामाची गोडी आहे का, हे असा एखादा जुना बोर्ड सांगू शकतो. आम्ही 'मुलाला' म्हटले, पण मुलीलाही तितकेच लागू आहे. विडीच्या पानाची कात्री आणि सुताची गाठ ज्या घरातल्या लेकींनी सांभाळली, त्यांच्या बोटांना हे बारीक काम जड जाणार नाही. सोल्डरिंगची सळई आधी तिच्या हाती देऊन पाहा.