अहवाल कशावरचा, ते आधी बघा



पावसाळा तोंडावर आला की कोल्हापुरात कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचा वाद पेटतो. एकजण म्हणतो, वडनेरे समितीने पुराच्या बाबतीत अलमट्टीला केव्हाच निर्दोष ठरवलंय, आता धरणाची उंची वाढली तरी काय बिघडतं? दुसरा म्हणतो, समित्या काय, मंत्रालयात बसून लिहितात! दोघांनीही अहवाल उघडलेला नसतो. पहिल्याने मथळा वाचलेला, दुसऱ्याने तोही नाही.

समिती नेमली गेली 2019 च्या महापुरानंतर, अहवाल आला 2020 मध्ये. प्रश्न होता त्या पुराचा. तेव्हा अलमट्टीची कमाल पातळी 519.60 मीटर होती. कृष्णा पाणीवाटप लवादाने 2010 मध्ये मान्य केलेल्या 524.256 मीटर उंचीवर फुगवटा कुठपर्यंत येईल, हे 2019 च्या पुराच्या चौकशीतून कसं कळणार? त्याचं गणित वेगळंच मांडावं लागेल. म्हणून हा अहवाल उंची वाढवण्याच्या बाजूने पुरावा म्हणून देणं चूक आहे.

पण तो उडवून लावणंही तितकंच चूक. समिती महाराष्ट्र सरकारनेच नेमलेली होती. पुराचं खापर कर्नाटकावर फुटलं असतं तर इथल्या कुणाचं काय बिघडलं असतं? तरीही निष्कर्ष उलटा निघाला, म्हणून त्याला वजन द्यायला हवं. खापर अलमट्टीवर फुटलं की पंचगंगेच्या निळ्या पूररेषेत बांधकामांना परवानगी कुणी दिली, हा प्रश्न आपोआप मागे पडतो. (तो मागे पडावा असं वाटणारे आपल्यातही कमी नाहीत.)

आता आकड्यांचा घोळ. मोबाइलवर फिरणाऱ्या एका तक्त्यात अलमट्टीचे 519 आणि पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याचे 43 शेजारी-शेजारी. पहिले मीटर, समुद्रसपाटीपासूनचे. दुसरे फूट, बंधाऱ्यावरच्या मोजपट्टीचे. त्यांची तुलना करून काय हाती लागणार? विसर्ग आणि साठ्याचीही तीच गत. क्युसेक म्हणजे सेकंदाला घनफूट, हा प्रवाहाचा दर; टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट, हा साठा. एक लाख क्युसेकचा विसर्ग दिवसभर चालला तर साडेआठ टीएमसीहून थोडं जास्त पाणी जातं. अलमट्टीत मावतं 123 टीएमसी. एवढी त्रैराशिकं मांडली तरी निम्म्या अफवा जागीच बसतील. शिवाय त्या तक्त्यावर ना तारीख, ना वेळ. पूर तासातासाला बदलतो, मग वेळ नसलेला आकडा घेऊन करायचं काय?

वृत्तपत्रांचाही यात वाटा आहे. 'तज्ज्ञांच्या मते' असं छापून येतं. तज्ज्ञ कोण, जलशास्त्राचे की आंदोलनाच्या व्यासपीठावरचे? दोघांचं म्हणणं जरूर छापा, पण कोण कुठून बोलतंय ते वाचकाला कळू द्या. अहवालाचा हवाला देताना पान क्रमांक दिला तर निदान दहा वाचक तरी ते पान काढून बघतील.

संपादकांना एक विनंती आहे. यंदा पावसाळ्यात रोज एक चौकट द्या: अलमट्टीची पातळी, आवक आणि विसर्ग, त्याच शेजारी राजापूर आणि राजाराम या बंधाऱ्यांची पातळी. सगळे आकडे एकाच वेळचे, एककांसह. आकडे कुठून घेतले तेही खाली लिहा.

— एक वाचक, शुक्रवार पेठ, कोल्हापूर