कण्हेर : अंगणातली देखणी, पोटातली वैरीण

नागपूरहून निघालेला, पूर्वी सात नंबरचा म्हणून ओळखला जाणारा आणि आता ४४ नंबरचा झालेला महामार्ग आपल्या जामवरून हिंगणघाटकडे जातो. चंद्रपूरची वाट इथूनच फुटते. रस्त्याच्या मधल्या दुभाजकात गुलाबी-पांढऱ्या फुलांची झुडपे भर उन्हाळ्यातही हिरवीगार असतात. तीच आपली कण्हेर.

मागे जाम चौरस्त्यावर गाडीची वाट पाहत होते. दुभाजकाची छाटणी झाली होती. एक आजीबाई छाटलेल्या फांद्यांची मोळी बांधत होत्या. नातू शेजारी बसून पाने तोडत होता. मला म्हणाल्या, "फुकटात भेटलं बाई. वाळलं का चांगलं जळते, अन् पाला शेळीला होते." मी म्हटले, "माय, हे घरी नेऊ नका. चुलीत घालू नका अन् शेळीला तर मुळीच टाकू नका." त्यांना आधी पटेना. "एवढी विषारी, तर सरकारनं रस्त्यावर कशाला लावली?" प्रश्न रास्त होता.

लावली ती काही गुणांमुळे. पाणी कमी लागते, ऊन आणि गाड्यांचा धूर ती सोसते, दाट वाढल्याने समोरच्या गाडीच्या दिव्यांचा झोत डोळ्यांवर येत नाही. आणि गुरे तिला सहसा तोंड लावत नाहीत. ओला पाला कडू लागतो म्हणून जनावर टाळते. पण छाटून वाळलेला पाला चाऱ्यात मिसळला, तर भुकेले जनावर तो खाते. वाळल्याने विष जात नाही.

कण्हेरीची पाने लांब, अरुंद, चिवट असतात आणि बहुधा तीन-तीन एका ठिकाणी येतात. शेंगा लांबट, त्या उकलल्या की केसाळ बिया वाऱ्यावर उडतात. पिवळ्या फुलांची बिट्टी ही तिची नात्यातली, पण वेगळी जात. ती मूळची मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतली. तिचे फांदीपान तोडले की दुधासारखा चीक येतो. तिच्या हिरव्या, कोनदार फळातल्या टणक बियांनी आपण लहानपणी खेळलो आहोत. ही बीही अतिशय विषारी आहे.

दोन्ही झाडांच्या मुळापासून बीपर्यंत सर्वांगात विष असते. हृदयाच्या पेशींत क्षारांची ये-जा ज्या यंत्रणेने चालते तीच ते बिघडवते. आधी मळमळ, उलट्या, जुलाब, पोटदुखी होते; मग चक्कर येते, नाडी मंदावते, ठोके चुकतात. संस्कृतात कण्हेरीला अश्वमारक, म्हणजे घोडा मारणारी, असे नावच आहे.

जुन्या वैद्यकाला तिचा उपयोगही ठाऊक होता. चरकसंहितेत त्वचारोगावरच्या दहा औषधींत करवीर, म्हणजे कण्हेर, आहे. वैद्य तिचे मूळ दुधात उकळून शुद्ध करीत आणि तेल वरून लावण्यास देत. म्हणून कोणी सांगितले की काढा प्या, तर ऐकू नये. औषधाची मात्रा आणि विषाची मात्रा यांत इथे फार थोडे अंतर आहे.

केरळमध्ये २०२४ साली एका तरुण मुलीचा मृत्यू झाला. तिने सहज म्हणून ही पानेफुले चावली होती, असे समोर आले. त्यानंतर तिथल्या देवस्थान मंडळांनी प्रसाद-नैवेद्यात ही फुले वापरणे बंद केले. आपणही विहारात पौर्णिमेच्या वंदनेला ही फुले वाहतो. वाहण्यास हरकत नाही. मात्र ती खिरीच्या भांड्यापासून दूर ठेवावीत आणि हात धुवावेत.

जपानमध्ये १९४५ च्या अणुबॉम्बनंतर हिरोशिमाच्या राखेत सर्वांत आधी कण्हेर फुलली, असे सांगतात. ती त्या शहराचे मानाचे फूल आहे. तेव्हा झाड उपटून टाका असे मी म्हणत नाही. लहान मूल रांगते आहे, शेळी दारात बांधली आहे, तिथे ते नको, एवढेच.

मुलाच्या तोंडात पान, फूल वा बी गेली, तर तोंड धुऊन काढावे. मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नये. दूध-तुपाचे उपाय करू नयेत. बाहेरची बाधा समजून भगताकडे तर नेऊच नये. १०८ ला फोन करावा किंवा समुद्रपूर, हिंगणघाट, सेवाग्राम यांपैकी जवळचे रुग्णालय गाठावे. झाडाची एक फांदी सोबत न्यावी. मूल बरे दिसले तरी न्यावेच, कारण हृदयावरचा परिणाम काही तासांनीही दिसतो.

त्या आजीबाईंनी शेवटी मोळी तिथेच सोडली. पदराने नातवाचे तोंड पुसून मला म्हणाल्या, "पोरगं वाचलं म्हनाव." मी म्हटले, "माय, आधी त्याचे हात धुवा."