जपून जा, लवकर ये

रात्री घराबाहेर पडणाऱ्या माणसाला मराठी उंबरठ्यावर जो प्रश्न विचारला जातो, तो दोन प्रकारचा असतो. मुलगा असेल तर "किल्ली घेतलीस का रे?" आणि मुलगी असेल तर "जातेसच का गो?" पहिल्याचे उत्तर खिशात असते. दुसऱ्याचे उत्तर देईपर्यंत नाटकाची तिसरी घंटा होऊन जाते.

आमच्या मालगुंडला नाटक म्हणजे रत्नागिरी. गाव केशवसुतांचे, त्यांचे स्मारकही गावातच, तेव्हा कवितेची सोय घरच्या घरी आहे. पण मुंबईची नटमंडळी बघायची तर आरे-वारेच्या रस्त्याने पंचवीसेक किलोमीटर कापून सावरकर नाट्यगृह गाठावे लागते. मध्यंतरी वाडीतल्या चार मुलींनी असा बेत केला आणि पडवीत ताबडतोब सुरक्षा समिती बसली. एकटीदुकटीने जाऊ नका. चौघी आहोत म्हटल्यावर, नुसत्या चौघीच जाऊ नका. भडक कपडे नकोत, दागिने नकोत, मोठ्याने हसणे नको. काकूंनी तर तिखटाची पुडी बांधून दिली आणि वर बजावले, "उरली तर परत आणा, संकेश्वरी आहे."

आता, रिक्षाचा नंबर घरी कळवावा, फोन पुरता चार्ज करून न्यावा, अडचणीत ११२ फिरवावा, याला माझी हरकत नाही. शहाणपणाच्या गोष्टी आहेत, पुरुषांनीही कराव्यात. माझे भांडण आहे ते ही सगळी यादी शेवटी ज्या एका वाक्यावर येऊन टेकते त्याच्याशी. ते वाक्य तात्यांनी उच्चारले: "त्यापेक्षा जाऊच नये. आमच्या वेळी बायका रात्री बाहेर पडत नसत."

तात्या, साफ खोटे! शिमग्यात पालखी वाडीत आली की कोणती बाई घरात झोपत होती? नमन रात्री उशिरा उभे राहायचे, संकासूर येईपर्यंत मध्यरात्र उलटायची, आणि आज्ज्या मांडीवर नातवंडे घेऊन पहाटेपर्यंत पुढच्या रांगेत. घरी परतताना हातात फार तर एक बॅटरी. तिखटाची पुडी कोणी नेली नाही. का? तर सगळा गावच जागा होता. प्रत्येक ओटीवर दिवा, प्रत्येक पाखाडीवर माणूस. (शिमग्यातल्या फाका बायकांच्या कानांना गोड लागत, असे मी म्हणत नाही. त्या आनंदाचे धनी पुरुषच होते.) रात्र सुरक्षित होते ती रस्त्यावरच्या माणसांमुळे. तुम्ही निम्म्या माणसांना घरात बसवता आणि मग रस्ता सुनसान झाला म्हणून उरलेल्यांना घाबरवता.

आमच्याकडे फुरसे आहे. इतके, की इंग्रज सरकारने या जिल्ह्यात फुरशांवर बक्षीस लावले होते. रात्री गडग्याशी फुरसे दिसले तर आपण काय करतो? दिवा लावतो, गवत काढतो, पायात वहाण घालतो. फुरसे चावलेल्या बाईला आधी डॉक्टरकडे नेतो. तिने परकर कुठल्या रंगाचा नेसला होता याची चौकशी कोणी करत नाही. सापाच्या बाबतीत जी अक्कल आपल्याला आहे, ती माणसाच्या बाबतीत कुठे गहाण पडते कोण जाणे.

'सातच्या आत घरात' हे आपले लाडके सूत्र. २००४ साली त्या नावाचा सिनेमाही आला. पण घरात म्हणजे कोणापासून लांब? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल वर्षानुवर्षे सांगत आले आहेत की बलात्काराच्या नोंदलेल्या गुन्ह्यांत दहापैकी नऊंहून अधिक वेळा आरोपी ओळखीचा निघतो. शेजारी, नातलग, मित्र. त्याच्यासाठी कुठल्या समितीने पुडी बांधल्याचे मी ऐकलेले नाही. आणि १६ डिसेंबर २०१२ ला दिल्लीत जी मुलगी सिनेमा बघून निघाली, ती एकटी नव्हती, मध्यरात्रही झाली नव्हती. साडेनऊच्या सुमाराला ती घरी जायला बस शोधत होती. तिने पडवीतली कलमे पाळली होती. तिला मिळाली ती मात्र बेकायदा फिरणारी बस. पुढच्याच महिन्यात न्यायमूर्ती वर्मा समितीचा अहवाल आला. त्यात रस्त्यावरचे दिवे आणि सार्वजनिक वाहतूक यांच्याबद्दलही शिफारशी होत्या. पण दिवा लावायला पैसे पडतात, उपदेश फुकट असतो.

आणि उपदेशच करायचा, तर तो "किल्ली घेतलीस का"वाल्यांना करा की! शनिवारी रात्री 'बसायला' गेलेले हे चिरंजीव मोटारसायकलवर तिघे बसून, हेल्मेट आरशाला अडकवून, आरे-वारेची वळणे घेत परततात. रस्त्यात मध्यभागी गाय रवंथ करीत बसलेली असते. तिला कायदा ठाऊक नसतो, पण यांना असायला हरकत नाही. शंभर मिलिलीटर रक्तात तीस मिलिग्रॅमपेक्षा जास्त दारू सापडली की पहिल्याच खेपेला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. घरच्यांची रात्रीची झोप खरी उडायला हवी ती याच्यासाठी. पण आई म्हणते, "येईल, मुलगाच आहे." रस्त्याच्या कठड्याला मात्र मुलगा आणि मुलगी हा भेद कळत नाही.

मुलींना मी विचारले, तुम्हांला काय हवे? वाटले होते, स्वातंत्र्य, समता असे काहीतरी म्हणतील. त्या म्हणाल्या, "परत यायला गाडी." नाटक संपायला साडेबारा होतात आणि गावाकडची शेवटची गाडी काही पडदा पडायची वाट पाहत नाही. मग राहिली खासगी गाडी, म्हणजे तिकिटाच्या कित्येक पट भाडे. आषाढीला, गणपतीला शेकडो जादा गाड्या सोडता येतात. मग प्रयोगाच्या रात्री नाट्यगृहापासून गणपतीपुळे-मालगुंडपर्यंत एक सोडायला काय हरकत आहे? गाडीत तीस माणसे असतील, दिवा असेल, कंडक्टर असेल. पुडीतले तिखट आमटीत जाईल.

तसा अर्ज आम्ही लिहिला आहे. सह्या गोळा करणे चालू आहे. तात्यांनी तीनदा वाचला, दोन ऱ्हस्व-दीर्घ सुधारले, आणि सही करून खाली लिहिले: 'पुढच्या दारापाशी एक आसन ज्येष्ठांसाठी ठेवावे.'